स्टॉपरच्या पुढची जागा

चाचा,

तुम्हाला मराठी वाचता यायचं, पण सावकाश. संघाची यादी असो की शाळेचं पत्र, हातात कागद आला की 'चष्मा दुकानात राहिला' म्हणायचात आणि आमच्यातल्या कुणालातरी मोठ्याने वाचायला लावायचात. चष्मा वरच्या खिशातच असायचा. आम्हा सगळ्या मुलींना तो दिसायचा आणि कुणी कधी तसं दाखवलं नाही. त्यामुळे आत्ता हे लिहितानाही लिहिल्यासारखं वाटत नाही, वाचून दाखवल्यासारखं वाटतं. तुम्ही शिलाई मशीनवर वाकलेले, गळ्यात टेप, तोंडात दोन बारके खिळे, आणि मान वर न करता म्हणताय, 'हां, पुढं.' तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मधल्या काळात कितीदा तरी लिहायला बसले आणि उठले. गेल्या आठवड्यात मात्र असं काही झालं की आता सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी राहुरीत आहे. एका शाळेत खेळ शिकवते, मुलींचा फुटबॉलचा संघ बघते. मैदान तुमच्या मैदानापेक्षा बरं आहे, मुरूम कमी आणि माती जास्त. सकाळी सहाला शिट्टी वाजवते. तुम्ही शिट्टी वापरायचा नाहीत, टाळी वाजवायचात, दोन टाळ्या म्हणजे थांबा आणि एक म्हणजे जवळ या. मला टाळी वाजवायला जमत नाही. एकदा वाजवली होती, आणि मुली थांबायच्या आधी मीच थांबले.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी आठवीत होते. जामखेडकडच्या आमच्या गावातून मला नगरच्या वसतिगृहात ठेवलं होतं, कारण दिवाळी झाली की आई आणि आबा ऊसतोडीला जायचे ते पार उन्हाळ्यात परतायचे. त्याआधी मीही त्यांच्याबरोबर जायचे. ती दोघं फडात गेली की कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी बसायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं, बैलांसाठी ठेवलेलं उसाचं वाढं कुणी उचलत नाही ना हे बघायचं, एवढं माझं काम. त्या दिवशी तुम्ही चेंडू मध्ये टाकलात आणि सगळ्या मुली एका घोळक्याने त्याच्यामागे गेल्या. मी तिथेच उभी राहिले. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, 'तू का नाय पळत?' मी म्हणाले, 'समद्या तिकडं गेल्यात. मग हितं कोन हाय?' तुम्ही माझं नाव, गाव, इयत्ता काही विचारलं नाहीत. म्हणालात, 'उद्या शाळा सुटल्यावर दुकानात ये.'

जुन्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं तुमचं ते दुकान. मोटरसायकलच्या सीटा, जीपच्या गाद्या, फोमचे पिवळे तुकडे, आणि सगळ्यावर सोल्यूशनचा वास. शाळेच्या मुलींना फुकट शिकवणारा हा माणूस दिवसभर रेक्झिन शिवतो, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तुम्ही काळ्या रेक्झिनचा एक तुकडा फरशीवर पसरलात, खडूने त्यावर मैदान आखलंत आणि गादीची बटणं मांडलीत. 'हे आपलं घर,' गोलवर बोट ठेवून म्हणालात. 'ह्या दोन बॅक. ही मधली स्टॉपर. आन स्टॉपरच्या पुढं, हे बटन, ही तू.' मी विचारलं, इथं काय करायचं असतं? तुम्ही म्हणालात, 'मोठ्या वाड्याला देवडी असती बघ, दाराशी, पहाऱ्याची. आत जायचं तर देवडीवरनंच जावं लागतं. देवडीवरचा मानूस कुनाला मारत नाय, कुठं जात नाय. तो बसलेला दिसला की निम्मे लोक तिथनंच परत जातात.' मग डाव्या बॅकचं बटण तुम्ही पुढे ढकललंत. 'ही पुढं गेली. आता तू कुठं?' मी माझं बटण डावीकडच्या मोकळ्या जागेत सरकवलं. उजवीकडचं पुढे नेलंत, मी उजवीकडे सरकले. मग तुम्ही एका फटक्यात सगळी बटणं पुढे नेलीत, समोरच्या गोलपर्यंत. 'आता?' मी माझं बटण हलवलं नाही. तुम्ही मशीनवर बसलात आणि पाय मारता मारता म्हणालात, 'एवढं शिकवायला मला दोन दोन वर्षं लागतात.'

पुढे खूप वर्षांनी मी प्रशिक्षकांच्या कोर्सला गेले, तेव्हा पडद्यावर हेच दाखवलं. होल्डिंग मिडफिल्डर, असं वर लिहिलेलं, खाली बाण आणि गोल. बचावफळीच्या पुढे थांबणारा, पास तोडणारा, इतरांनी सोडलेली जागा भरणारा. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी वही मिटली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

तुम्ही शिकवलेलं सगळं माझ्या अंगात आहे आणि काही केल्या जात नाही. चेंडू माझ्याकडे येत असताना तुम्ही माझ्या पाठीमागे उभे राहायचात आणि बोटं वर करायचात, कधी दोन, कधी चार. चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून मी आकडा सांगायचा. चुकला की पुन्हा. 'चेंडू कुठं पळून जात नाय, बेटा. मानूस येतो मागून.' आठवडाभरात मला सवय लागली ती आजतागायत आहे. स्वयंपाकाच्या ओट्याशी, बँकेच्या रांगेत, वर्गात फळ्यावर लिहिताना, मी दर थोड्या वेळाने मागे बघते. लग्न झालं तेव्हा सुरुवातीला माझे यजमान विचारायचे, 'कोण आहे मागे?' आता विचारत नाहीत. मीच कधीकधी विचारते.

एकदाच तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात. दहावीत होते मी. समोरची फॉरवर्ड सुटली होती, मी लांबून धावत येऊन, मुरमावर घसरत तिच्या पायातून चेंडू काढला. मांडी सोलपटली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि बसवलंत. मला वाटलं जखमेसाठी. 'टाळ्या का वाजल्या म्हाईत हाय का? तू उशिरा पोचलीस म्हनून वाजल्या. जिथं असायला पायजे होती तिथं असतीस, तर तिला चेंडूच मिळाला नसता, आन टाळ्याबी वाजल्या नसत्या. तुझं काम कुनाला दिसनार नाय. ते ज्याला जमत नाय त्यानं फॉरवर्डला खेळावं.' मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातून काही तरी कागदात गुंडाळून आणलंत. नडगीला बांधायचे पॅड. बाजारचे नव्हेत, कुठल्यातरी बुलेटच्या सीटमधून उरलेलं चॉकलेटी रेक्झिन, आत फोम आणि पातळ फळी, मागे इलॅस्टिक, आणि कडेने इतकी बारीक टीप की चाचीने घातलीय असं मला वाटलं. 'चाची असलं शिवत नाय,' तुम्ही जरा दुखावून म्हणालात. माझ्यासाठी कुणी माप घेऊन शिवलेली ती पहिली वस्तू.

आपली स्टॉपर तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक होती. भिंगारच्या टेम्पोवाल्याची मुलगी, उंच, सावळी, सतत बोलणारी. ती माझ्या मागे आणि मी तिच्या पुढे, असं आम्ही चार वर्षं खेळलो. तिचा चेहरा मला सामन्यात दिसायचा नाही, आवाज मात्र सतत यायचा. 'डावी! उजवी! एकटी हायस, वळ!' मी तिच्या आवाजावर वळायचे. ती माझ्या पाठीवर विसंबून राहायची. डोक्यावरून येणारे चेंडू तिचे, जमिनीवरून येणारे माझे, असं आमचं न ठरवता ठरलेलं. तुम्ही चाचीला सांगायचात, या दोघींच्या मधून वारासुद्धा जात नाही. चाचीनेच आम्हाला ते सांगितलं, ईदला शीरखुर्मा वाढताना, आणि तुम्ही तिच्यावर रागावलात की पोरींची डोकी चढवू नकोस. तुमच्याहूनही तिला आमचं कौतुक जास्त होतं, असं मला वाटतं. त्या छोट्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पाटावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. त्या गुडघ्यांबद्दल पुढे लिहायचं आहे.

बारावीच्या वर्षी आबांनी माझं लग्न ठरवलं. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. शेजारच्या गावचा मुलगा, त्याला जोडीदारीण हवी होती, आणि दिवाळीनंतर आमचा नवा कोयता फडावर जायचा होता. आबा वाईट नव्हते. त्यांच्या माहितीत मुलींचं जे होतं ते त्यांनी माझं ठरवलं होतं. वसतिगृहाच्या बाई मला एकदा म्हणाल्या की राज्याच्या शिबिरात तुझी निवड झाली तर पुण्याच्या कॉलेजात खेळाडू म्हणून जागा मिळेल, राहण्याजेवणासकट, मग मी तुझ्या वडिलांशी बोलेन. त्यापुढे मला दुसरं काही सुचेना. विभागाचा सामना नगरलाच होता. निवड करणारी माणसं येणार, हे आम्हाला आठवडाभर आधी कळलं होतं. आणि मला हेही कळलं होतं की देवडीवरची मुलगी कुणाला दिसत नाही. तुम्हीच सांगितलं होतं.

सामना दुपारचा होता. आपण एका गोलने पुढे होतो आणि शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती. मंडपाखाली तीन खुर्च्या, तीन माणसं, मधल्याच्या मांडीवर वही. तासाभरात त्याने माझ्याकडे बघून काही लिहिल्याचं मला दिसलं नव्हतं. आपली उजवी बॅक पुढे गेली होती, डावीही अर्ध्यात होती. चेंडू माझ्या पायात आला. त्या वेळी काय करायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. जवळचा पास द्यायचा आणि थांबायचं. मी थांबले नाही. चेंडू घेऊन निघाले. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, आणि मैदान असं मोकळं झालं की मी ते तसं कधी पाहिलंच नव्हतं. मी आयुष्यात इतकी कधी पळाले नाही. अठरा यार्डांवरून मारलेला तो फटका आडव्या बारला लागला आणि त्याचा आवाज आणि लोकांचा आवाज एकदमच आला. मी डोक्याला हात लावून उभी होते. मधला माणूस वहीत लिहीत होता. तेवढ्यात बारला लागून उडालेला चेंडू त्यांच्या गोलीने उचलून लांब मारला, आणि माझ्या जागेत पडला. तिथे कुणी नव्हतं. त्यांच्या दोन मुली आणि आपली स्टॉपर एकटी. मागे राहिली असती तर त्यांनी आरामात गोल केला असता. ती पुढे आली. माझ्या जागेत आली. तिने चेंडू काढला, पाय जमिनीत रुतलेला असताना त्यांच्या फॉरवर्डचं सगळं अंग त्या गुडघ्यावर आडवं आलं. मी अर्ध्या मैदानापलीकडे होते, तरी तो आवाज मी ऐकला. चेंडू बाहेर गेला, गोल झाला नाही. आपण जिंकलो, चाचा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तिचे बूट हातात घेऊन उभी होते. तिचे वडील टेम्पो तसाच रस्त्यात लावून आले. डॉक्टर आत काय म्हणाले ते त्यांना तोवर कळलं होतं, की आता खेळणं विसरा. ते माझ्याकडे आले नाहीत, तुमच्याकडे आले. 'चाचा, तुमीच सांगत हुता ना, ही पोरगी जागा सोडत न्हाई म्हनून? मग आज माझी लेक एकटी कशी पडली?' मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, 'हिला मी वर पाठवलं. मला दुसरा गोल पायजे होता. चूक माझी हाय.' ते म्हणाले, 'तुमाला गोल पायजे हुता, म्हनून माझ्या पोरीचा पाय?' तुम्ही म्हणालात, 'हां.' त्यांनी तुमच्या शर्टाला धरलं, मग सोडलं, आणि भिंतीशी जाऊन रडायला लागले. मी तोंड मिटलं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मला त्या क्षणी त्या माणसाच्या मांडीवरची वही दिसत होती, आणि तीतलं माझं नाव खोडलं जाईल असं वाटत होतं. बाहेर पडताना तुम्ही एवढंच म्हणालात, 'होस्टेलला जा. जेवून घे.'

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शाळेने तुम्हाला यायचं बंद करा म्हणून सांगितलं. तुम्ही भांडला नाहीत. त्यानंतर दोन-तीन सकाळी मी तुम्हाला कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पाहिलं. भिंतीवरून तुमची टोपी आणि सायकलचं हँडल तेवढं दिसायचं. इतर मुली नव्या सरांभोवती होत्या. मला वाटतं मी एकटीनेच पाहिलं. आणि मीच मान वळवली.

माझी निवड झाली, वसतिगृहाच्या बाई आबांशी बोलल्या आणि लग्न टळलं. पुण्याला जायच्या आधी मी पेढे घेऊन तुमच्या घरी आले होते, ते आठवतं? सगळं सांगायचं ठरवून आले होते. चाचीने चहा ठेवला, ती चुलीपाशी होती, मी तिच्या पाठीकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, 'कुठं खेळवतात?' मी म्हणाले, 'विंगला.' 'बरं. पळायला मोकळं असतं तिथं.' त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो मला लागला. मग विचारलंत, 'तिला भेटलीस?' मी नाही म्हणाले. 'भेट,' तुम्ही म्हणालात. चहा पिऊन मी उठले. तिला भेटले नाही. तुमच्याकडेही पुन्हा आले नाही. कॉलेज, पदवी, नोकरीचे अर्ज, असं काही ना काही होतंच, आणि ते सगळं खरंही होतं. एका दुपारी संघातल्या एका मुलीचा फोन आला की चाचा गेले, दुकानातच, मशीनवर बसल्या बसल्या. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. चाची आतल्या खोलीत बसली होती. माझा हात धरून म्हणाली, 'वो बोलते थे, बाकीच्यांना शिकवावं लागायचं, हिला न सांगता समजायचं.' मी तिच्याजवळ दहा मिनिटंही बसू शकले नाही.

आमच्या शाळेपुढच्या रस्त्याने हंगामात कारखान्याकडे उसाच्या गाड्या जातात. ट्रॉलीतून ऊस खाली पडतात आणि मागच्या गाडीचं चाक त्यांच्यावरून जातं. कोरडा ऊस चाकाखाली मोडतो तेव्हा होणारा आवाज अगदी त्या गुडघ्याचाच आहे. दिवसातून शंभर वेळा. ज्या उसापासून पळाले तोच रस्त्यावर पडून मला हे ऐकवतो. मुली सराव करत असतात, मी शिट्टी तोंडात धरून तशीच उभी राहते. आणि दुसरं असं की मला सामना बघता येत नाही. टीव्हीवर असो की मैदानावर, सगळे चेंडू बघतात, मला स्टॉपरच्या पुढची जागा दिसते. तिथे कुणी असलं की मी श्वास घेते, नसलं की मान फिरवते. कधीकधी सगळ्या मुली घरी गेल्यावर सामान आवरताना त्या जागेवर कुणीतरी उभं आहे असं वाटतं. तुम्ही नसता. ती असते, पाठमोरी, एक पाय जरा वाकडा. मी पुढे जात नाही.

गेल्या आठवड्यात ती आली. खरोखरची. शाळा सुटायच्या सुमाराला मैदानाच्या फाटकातून एक बाई मुलीला घेऊन आत आली, उजवा पाय थोडा बाहेर फेकत. मी तिला चेहऱ्याने ओळखलंच नाही, मैदानावर ती मला कायम आवाजानेच ठाऊक होती. तिने मागून हाक मारली तेव्हा ओळखलं. 'काय गं, वळखलंस का? लई बारीक झालीस.' तिच्या नवऱ्याला इथल्या विद्यापीठात ड्रायव्हरची नोकरी लागली आहे, मुलगी आठवीत, आमच्याच शाळेत घातली आहे. मुलगी लगेच चेंडूकडे पळाली आणि आम्ही दोघी पायरीवर बसलो. ती बोलत होती, मी तिच्या गुडघ्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

'चाचा दर शुक्रवारी नमाज झाली की आमच्या घरी यायचे, तुला म्हाईत हाय का?' ती म्हणाली. 'गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायचे माझ्याकडनं. दोन वर्सं. बाप आधी त्यांच्याशी बोलायचा न्हाई, मग च्या द्यायला लागला. रेक्झिनचा पट्टाबी शिवून दिला हुता गुडघ्याला. आन दर येळेला एकच सांगायचे, तिला मी पाठवलं वर, तिच्यावर राग धरू नकोस.'

'मग तू काय म्हणायचीस?'

'काय म्हननार? व्हय चाचा म्हनायचे.' ती हसली. 'मला ठाऊक हुतं ना ते खोटं बोलत्यात. मी मागं हुते गं, मला समदं दिसायचं. तू निघालीस तवा चाचा पार लाईनीपाशी आले आन वरडले, रुक! दोनदा वरडले. घाबरले की त्यांची मराठी सुटायची बघ.'

मी मान वळवली. मैदानावर तिची मुलगी एकटीच चेंडू भिंतीवर मारत होती.

'मग कधी म्हणाली का नाहीस त्यांना?' मी विचारलं.

'मानूस दर शुक्रवारी सायकल मारत येऊन खोटं बोलतोय, ते काय उगंच? मोडायचं कशाला?' मग म्हणाली, 'तुझं लगीन ठरत हुतं, ते त्यांनीच मला सांगितलं. कोयत्याला गेली असती म्हनाले, ती पोरगी. कुनाकडनं कळलं त्यांना देव जाने.' तिने माझ्या हातावर हात ठेवला. 'आन तुला काय ऐकू आलं नसंल. लई मानसं हुती त्या दिवशी.'

चाचा, ती मला विचारत नव्हती. इतकी वर्षं तिने माझ्यासाठी ते मानून ठेवलं होतं, आणि आता फक्त मी हो म्हणायचं होतं. मी म्हणाले, 'नाही आलं गं.'

'मला वाटलंच,' ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. मग उठताना, पायरीच्या कठड्याला धरून, ती म्हणाली, 'हिला स्टॉपरच खेळायचंय. ऐकतच न्हाई. खेळव. फक्त तिच्या म्होरं कुनीतरी चांगली पोरगी उभी कर.'

दुसऱ्या दिवशी मी उभी केली. देवळालीकडची एक शांत मुलगी आहे, घोळक्यात न जाणारी. तिला मी बाजूला घेतलं, सगळं समजावलं, मान कशी वळवायची, पास कुठून तुटतो, कोण पुढे गेलं की कुठे सरकायचं. तिने विचारलं, 'बाई, आणि मला गोल मारावासा वाटला तर?' मी म्हणाले, उद्या सांगते. आठ दिवस झाले, ती रोज माझ्याकडे बघते आणि मी काही सांगत नाही. फाटकाशी आपली स्टॉपर रोज लेकीला न्यायला येते, हात हलवते, आणि मीही हात हलवते.

हे पाठवायला जागा नाही. तुमच्या दुकानात आता मोबाईलचं दुकान आहे, चाची सुरतेला मुलीकडे असते आणि तिला आता फोनवर कुणाचा आवाज ओळखू येत नाही. खरं तर जिला हे द्यायला हवं ती माझ्या मैदानाच्या फाटकाशी रोज उभी असते. तिला मी हे देणार नाही, आज तरी नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं. म्हणून तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही विचारणार नाही.

ऐकू आलं होतं, चाचा. पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी आणखी जोरात पळाले.